अर्धी अश्वशक्ती

कुणाच्याही शब्दावर विश्वास न ठेवण्यात माझ्या आतोबांचा हात धरणारा माणूस उभ्या सोलापूर जिल्ह्यात सापडायचा नाही. दूधवाल्याचं माप, भुसार दुकानाचा काटा, पावसाचा अंदाज, सगळं ते स्वतः तपासून घेतात. मग मोटारीच्या पुस्तिकेत छापलेली अश्वशक्ती ते कशी मानणार? ‘‘ती नुसत्या इंजिनाची हाय. मधे गिअरबॉक्सनं खाल्ल्यावर चाकापाशी काय उरतं, ते सांग की!’’ असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. तंत्रशाळेत आयुष्यभर इंजिनं शिकवलेला माणूस, आवाज वर्गाबाहेर जाईल असाच. त्यावर आत्या स्वयंपाकघरातून म्हणायची, ‘‘माझ्या शेंगाचटणीचं बी तसंच हाय. ताटापतुर काय उरतं?’’

चाकापाशी काय उरतं हे मोजायचं यंत्र पुण्यात होतं. गाडीची चाकं फिरत्या रुळांवर चढवायची, जागच्या जागी पळवायची, की आलेख छापून बाहेर. आतोबांनी त्याला सोलापुरी पर्याय काढला. महिन्याच्या पहिल्या रविवारी उजाडता उजाडता त्यांची जुनी पांढरी गाडी होटगीच्या वाटेवरच्या सपाट, सरळ रस्त्यावर उभी राहायची. आतोबा चालवायला, शेजारी मांडीवर वही आणि हातात सेकंद मोजायचं घड्याळ घेऊन आत्या. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये दाबायची, आतोबांनी ‘‘चाळीस! पन्नास!’’ ओरडायचं, आत्यानं वेळ टिपायची. किती वजन किती वेळात किती वेगाला पोचलं, यावरून ताकद काढायची. म्हणून गणितात गाडीचं वजन, पेट्रोलचं वजन, आतोबांचं वजन आणि आत्याचं वजन. आत्याचं बावन्न किलो. लग्नात सांगितलेलं.

घरी आल्यावर चहाच्या आधी आलेख. आडवे इंजिनाचे फेरे, उभी ताकद, आणि दोन रेघा. ‘‘ही टॉर्कची, म्हंजे ओढायचा जोर. ही पॉवरची, म्हंजे तो जोर किती झटक्यात कामाला येतो ती.’’ हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की मी झोपेतही सांगू शकेन. पुढेपुढे त्यांना माणसंही दोन रेघांची दिसू लागली. माझ्या बहिणीसाठी आलेलं स्थळ त्यांनी ‘‘सुरवातीला लई ओढतंय, पण वर दम न्हाय’’ म्हणून नापास केलं. मला म्हणाले, ‘‘तुझी ताकद शेवटी येती रे. तवर लोकं गाडीतनं उतरत्यात.’’ उन्हाळ्यात हवा पातळ होऊन इंजिन कमी ताकद देतं, त्याची दुरुस्ती ते आलेखाला लावत, तशी माणसांनाही. मे महिन्यात टपाल कचेरीतला कारकून आमच्यावर खेकसला, तर म्हणाले, ‘‘उन्हाची दुरुस्ती लावून बघ. गडी चांगला हाय.’’

बत्तीस वर्षांचे आलेख एकावर एक ठेवले तर रेघांवर रेघा बसायच्या. ‘‘एकदा पुण्याला जाऊन यंत्रावर बगू या की,’’ आत्या म्हणायची. आतोबा दिवाळीनंतर, संक्रांतीनंतर म्हणत टाळायचे. आपलं सगळं चुकीचं निघेल, ही त्यांची भीती मला तेव्हाही कळत होती.

गेल्या वर्षी आत्या गेली. दोन महिने गाडी अंगणातच होती. मग आतोबांनी मंगळवेढ्याची ज्वारी आणून बरोबर बावन्न किलोचं पोतं भरलं, शेजारच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा लावला, घड्याळ स्टीअरिंगला बांधलं आणि एकटे निघाले. ‘‘तुलना करायची तर भार तोच पायजे,’’ एवढंच बोलले. परत आले ते उतरलेल्या चेहऱ्यानं. ताकद अर्ध्या अश्वशक्तीनं जास्त आली होती. पुढच्या महिन्यात तेच, त्याच्या पुढच्या महिन्यात तेच. ‘‘ती गेली आणि गाडी सुधारली? आसं कसं हुईल रे?’’ त्यांना हे इतकं लागलं की जेवण सुटलं. तिच्याबरोबरचे आलेख खोटे, की हे? शेवटी मीच त्यांना पुण्याला नेलं.

यंत्राचा कागद हातात आला. रेघांची वळणं हुबेहूब आतोबांच्या वहीतली, फक्त सगळीकडे अर्धी अश्वशक्ती वर. म्हणजे पोत्याचा आलेख खरा आणि बत्तीस वर्षांचे खोटे. परतताना ते मोहोळपर्यंत तो कागद मांडीवर धरून बसले. तिथे अचानक ‘‘थांबव’’ म्हणाले, वही काढून आकडेमोड केली आणि पेन खाली ठेवलं.

‘‘बारा किलो,’’ ते म्हणाले. ‘‘चौसष्ट हुती ती. गाडी जास्त वजन ओढत हुती आन् मी कमी धरत हुतो.’’

आत्या लग्नानंतर भरली होती हे साऱ्या भावकीला दिसत होतं. दुधाचं माप तपासणाऱ्या या माणसानं बायकोला मात्र एकदाही काट्यावर उभं केलं नव्हतं. ते हसले आणि मग गाडीत बसूनच रडले. मी पाण्याची बाटली पुढे केली.

घरी आल्यावर मी म्हणालो, ‘‘आता जुने आलेख दुरुस्त करून टाकू.’’

‘‘न्हाय. तिनं बावन्न सांगितलंय. वहीत बावन्नच ऱ्हाऊ दे.’’

मग त्यांनी माझ्याकडून पोत्यात बारा किलो ज्वारी आणखी भरून घेतली. पहिल्या रविवारी मी उगाच लवकर उठून त्यांच्याकडे गेलो. ते परतले, चहाला नको म्हणाले आणि गणितात बावन्नच धरून आलेख काढायला बसले. नवी रेघ बत्तीस वर्षांच्या रेघांवर नेमकी जाऊन बसली, अर्ध्या अश्वशक्तीनं कमी. आतोबांनी तिच्यावरून एकदा बोट फिरवलं.

‘‘आता बरोबर आली,’’ ते म्हणाले.