उत्तराबाईंचा वजनकाटा

उत्तराबाई बोकडे नंदनवन वस्तीतल्या मुलींच्या शाळेत कवायत शिकवत. शहात्तर साली त्या पंचेचाळिशीच्या होत्या. कुणाची पोर घरी काय खाते हे विचारायची त्यांना सवयच होती. मधल्या सुट्टीत त्या डबे उघडून बघत. बाईंना भूक लागली असेल असं वाटून दोघीचौघी मुली घास पुढे करत.

त्यांचं लक्ष सहावीतल्या प्रेमिलाकडे होतं. किराण्याचे ठोक व्यापारी रुपराव यांची ही एकुलती मुलगी. वर्ग वरच्या मजल्यावर होता. प्रेमिला जिन्याच्या मध्यावर थांबे आणि वाकून चपलेचा पट्टा नीट करायचं नाटक करी. पट्टा सुटलेला नसे. अकरा वर्षांच्या मुलीला एवढा दम का लागावा, हे बाईंच्या डोक्यातून जाईना. रुपरावांनी तर डॉक्टरांची चिठ्ठी आणून दिली होती, की मुलीला कवायत नको. ती मानली, तर मुलगी दहावीपर्यंत भिंतीच्या सावलीत बसून राहणार होती.

एकटीवर बोट नको म्हणून बाईंनी सगळ्या शाळेचं वजन करायचं ठरवलं. मुख्याध्यापक महादेवरावांनी होकार दिला. धान्याच्या दुकानातून पोती तोलायचा काटा हातगाडीवर आला. उंची, वजन लिहिलेलं कार्ड प्रत्येकीच्या घरी गेलं. अंगानं जड मुलींच्या आया काळजीने येतील, मग डब्याचं आणि खेळण्याचं बोलता येईल, असं बाईंना वाटलं होतं.

आया आल्या, पण हडकुळ्या मुलींच्या. आमची मागे का पडली, हे विचारायला. रुपरावांनी पेढे पाठवले, कारण शेहेचाळीस किलो म्हणजे वर्गात पहिली. प्रेमिलाच्या आईने, शोभाताईंनी, कार्ड देवाजवळ ठेवलं. तीन महिन्यांनी काटा पुन्हा आला, तेव्हा निम्म्या मुली केळी खाऊन आल्या होत्या. सव्वीस जानेवारीला वजनाचं बक्षीस ठेवायचं का, असं महादेवराव विचारत होते.

प्रेमिलाच्या खाण्याचं आणि खेळण्याचं बोलायला बाई शोभाताईंच्या घरी गेल्या. शोभाताईंनी डिंकाचे लाडू पुढे ठेवले आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, माह्या पहिल्या दोन पोरी वाळून वाळून गेल्या," त्या म्हणाल्या. "हे एक अंगानं भरली, तर तुमाले काहून खुपून राहिलं?"

अर्धा लाडू खाऊन बाई उठल्या.

पुढच्या कार्डावर वजनाचा रकाना नव्हता. तिथे लिहिलं होतं, 'न थांबता मैदानाचे फेरे'. कुणाचे चार, कुणाचे सहा. प्रेमिलाच्या कार्डावर 'अर्धा'. चिठ्ठी असूनही बाईंनी तिला हळूहळू चालवून पाहिलं होतं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी शोभाताई कार्ड घेऊन मैदानावर हजर.

"शेजारच्या पुष्पलताच्या काडीसारख्या पोरीले सहा, आन् माह्या पोरीले अर्धा? मोजता येते ना तुमाले?"

"तुम्हीच मोजा," बाई म्हणाल्या. "तिच्यासोबत चाला."

शोभाताईंनी पदर खोचला. मायलेकी निघाल्या. अर्ध्या फेऱ्यावर, रस्त्याकडच्या कुंपणापाशी प्रेमिला थांबली, तोंड उघडं, हात कमरेवर. ही रोज अशी थांबते का, असं शोभाताईंनी विचारलं. जिन्यातही थांबते, असं पोरीनेच सांगितलं. घरात जिना नव्हता. आईने हे कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी पदराने तिचा घाम पुसला.

मग त्या बाईंकडे आल्या.

"ते डॉक्टरची चिठ्ठी द्या मले. इच्या बाबाले मी सांगतो."

"आणि लाडू?" बाईंनी विचारलं.

"लाडवाचं काही बोलू नका आज," शोभाताई म्हणाल्या, आणि पोरीला उद्या किती वाजता चालायला आणायचं ते विचारून घेतलं.