भिंतीतली टकटक

जर्मनीत वाल्डॉर्फजवळच्या एका गावात आम्ही घर घेतलं, ते जोडघर होतं. मधे एकच भिंत आणि तिला पाठ टेकवून उभी असलेली दोन घरं. एकात आम्ही, म्हणजे मी, नवरा आणि आमची बालवाडीत जाणारी मुलगी; दुसऱ्यात एक वयस्क जर्मन जोडपं. राहायला गेलो त्या आठवड्यात शेजारचे आजोबा इथल्या रीतीप्रमाणे पाव आणि मीठ घेऊन दारात आले. मी त्यांना बेसनाचे लाडू दिले. बायकोला बरं नसतं, ती बाहेर पडत नाही, एवढं म्हणून ते गेले. काय झालंय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

घर जुनं होतं. वरची मागची खोली आधीच्या मालकांनी अडगळीसाठी ठेवली होती, तिथे हायत्सुंग, म्हणजे गरम पाण्यानं खोली तापवायची सोयच नव्हती. ती मुलीला द्यायची म्हणून आम्ही तिथे नवा रेडिएटर बसवून घेतला. त्यासाठी तळघरातल्या बॉयलरपासून तांब्याचे दोन पाईप वर न्यावे लागले. स्वयंपाकघरातल्या सामाईक भिंतीत चर खणून, तिथून छताला भोक पाडून ते वर गेले. आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी एका माणसाचं नाव दिलं होतं. तो लगेच आला आणि झटपट काम उरकून गेला. भोकं अगदी पाईपच्या मापाची, वरून सिमेंट गच्च भरलेलं, कुठे फट म्हणून नाही. मला ते इतकं आवडलं की मी फोटो काढून पुण्याला पाठवला. बाबांनी उलट लिहिलं, जर्मन काम ते जर्मन काम. करणारा माणूस जर्मन नव्हता, पण ते मी कळवलं नाही.

पहिल्याच हिवाळ्यात भिंतीतून टकटक ऐकू यायला लागली. सकाळी आम्ही उठायचो आणि भिंतीवर कुणीतरी बोटाच्या पेरानं ठोकल्यासारखा आवाज यायचा. टक. मग थोडं थांबून टक-टक. काही वेळानं बंद. संध्याकाळी जेवणं आटोपली, मुलगी झोपायला गेली, की पुन्हा.

सुरुवातीला मला अपराधी वाटलं. इथे रविवारी ड्रिल लावलं तरी लोक येऊन सांगतात, हे ऐकून होते. मी सकाळचा मिक्सर बंद केला. जिन्यावर गालिचा घातला. मुलगी टाचा आपटत चालायची, तिला मांजरासारखं चाल म्हणून शिकवलं. टकटक थांबली नाही. मग संध्याकाळची टकटक फोडणीनंतरच होते, असं माझ्या लक्षात आलं. वासाचा राग, दुसरं काय. मी स्वयंपाकघराची खिडकी उघडी टाकून थंडीत कुडकुडत स्वयंपाक करायला लागले. तरीही भिंत ठोकणं चालूच.

मग माझा अपराधीपणा हळूहळू आंबला. आम्ही उठलो की ते ठोकतात, आम्ही जेवलो की ते ठोकतात. आम्ही इथे राहतो आहोत, हेच त्यांना खुपतंय, असं मी ठरवून टाकलं. नवरा म्हणायचा, अगं, जाऊन विचार तरी. मी म्हणायचे, मी का विचारू? पाव-मीठ घेऊन येणारा माणूस भिंत ठोकतो, याचा अर्थ काय ते मला कळतं. मुलगीसुद्धा नाश्ता करता करता सहज म्हणायची, “डेअर ओपा क्लोप्फ्ट वीडर.” आजोबा परत ठोकतायत. मी तिला कधी तसं नाही म्हणून सांगितलं नाही.

ऑफिसच्या कँटीनमध्ये मी ही गोष्ट सांगितली. ऐकणारे सगळे आपलेच, पुण्या-मुंबईचे. प्रत्येकाकडे स्वतःची एकेक गोष्ट होती. कुणाच्या तळघरात शेजाऱ्यानं तक्रारीची चिठ्ठी लावली होती, कुणाला घरच मिळत नव्हतं. त्या गोष्टी खऱ्या होत्या, म्हणून माझीही त्यांच्यात सहज बसली. मला ती छान सांगता यायची. मी टेबलावर बोटानं ठोकून दाखवायचे, फोडणी टाकल्याचा आवाज काढायचे, आणि लोक हसायचे. दर वेळी ती जरा रंगत गेली. पुढे पुढे मी म्हणायला लागले की ते भिंतीला कान लावून बसतात. हे मी कधी पाहिलं नव्हतं.

आजोबांशी बोलणं मी बंद केलं. कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना समोर आले की ते “गुटेन मॉर्गेन” म्हणायचे, मी नुसती मान हलवायचे. आम्ही उशिरा घरी यायचो त्या दिवशी आमचा रिकामा डबा ते आत आणून ठेवायचे. मला वाटायचं, दाखवायला करतात.

आणि मग ते लाटण्याचं. एका शनिवारी सकाळी मी पोळ्या करत होते आणि अगदी कानाशी टकटक सुरू झाली. हातातल्या लाटण्यानं मी भिंतीवर तीन सणसणीत ठोके दिले. पलीकडे शांतता झाली. मला बरं वाटलं. त्यानंतर मला ती सवयच लागली. तिकडून टकटक आली की मी लाटणं आपटायचे. थोड्या वेळानं आवाज थांबायचाच. तो तसाही थांबणार होता, हे मला ठाऊक नव्हतं.

उन्हाळ्यात टकटक बंद झाली. मी नवऱ्याला म्हटलं, बघ, समजलं त्यांना. शरद ऋतू आला, सकाळी गाड्यांच्या काचांवर बर्फाची साय दिसायला लागली, आम्ही हायत्सुंग चालू केलं, आणि त्याच सकाळी टकटक परत आली. एवढं समोर असून मला सुचलं नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो.

त्यानंतरच्या एका रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. नवरा मुलीला पोहायला घेऊन गेला होता, मी एकटीच होते. दारात आजोबा. इस्त्रीचा शर्ट, टोपी काढून हातात धरलेली. कुणाच्या सांत्वनाला जावं तसे ते उभे होते. म्हणाले, यावं की येऊ नये, असा खूप दिवस विचार करत होतो. मी आत या म्हटलं नाही.

“माझी बायको घाबरते,” ते म्हणाले. “तुमच्या घरातून भिंतीवर ठोकतात ते थांबवता येईल का?”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतके महिने जुळवून ठेवलेली जर्मन वाक्यं ओठांवर आली. भिंत तुम्ही ठोकता, आम्ही नाही, एवढं मी म्हणाले असेन, तोच आतून आवाज आला. टक. टक-टक.

ते माझ्या खांद्यावरून आत बघायला लागले. घरात कोण आहे, असं त्यांनी विचारलं. कुणी नाही, मी म्हटलं, आणि तुमच्या घरी? फक्त बायको, ते म्हणाले, आणि तिला उठता येत नाही. पुन्हा टक झालं. त्या क्षणी आम्ही दोघांनी एकमेकांकडे कसं पाहिलं, ते मी कधी विसरणार नाही. मी बाजूला झाले. ते आत आले, आम्ही आवाजामागे स्वयंपाकघरात गेलो. त्यांनी भिंतीला तळहात लावला. मग मला खूण केली. मीही लावला. चर बुजवला होता तिथे भिंत कोमट होती, आणि हाताखालीच टक झालं.

“हायत्सुंग,” ते म्हणाले.

मी त्यांना खुर्ची दिली. तेव्हा त्यांनी सांगितलं. आम्ही राहायला येण्याच्या थोडंच आधी बायकोला पक्षाघात झाला होता. जिना चढता येत नाही म्हणून तिचा पलंग खाली आणला, तो नेमका माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून. टकटक झाली की तिला वाटायचं, दारात कुणीतरी आलंय. ती हातानं खुणावत राहायची, दार उघडा. कुणी नाही म्हटलं तर पटायचं नाही, म्हणून ते रोज जाऊन दार उघडायचे आणि बाहेर कुणी नाही हे तिला दाखवून बंद करायचे. एकदा ते आंघोळीला गेले असताना ती स्वतःच उठायला गेली आणि पलंगावरून पडली.

“बारीक आवाजाची सवय झाली असती,” ते म्हणाले. “पण मधेच तीन ठोके फार जोरात येतात. तेव्हा ती रडते.”

लाटणं ओट्यावरच होतं, पिठानं माखलेलं. लपवावंसं वाटलं, हे खरं आहे. पण ते त्यांना दिसलंच असतं, आणि तसंही माझ्या चेहऱ्यावर सगळं आलं असावं. मी सांगितलं, ते तीन ठोके माझे. तुम्ही ठोकता असं वाटून मी उत्तर देत होते. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मी विचारलं, तुम्ही आधीच का नाही आलात? खरं तर हा प्रश्न त्यांनी मला विचारायला हवा होता.

“परदेशी लोक राहायला आले आणि म्हाताऱ्यानं लगेच तक्रारी सुरू केल्या,” ते म्हणाले, “असं तुम्हाला वाटलं असतं. ते मला नको होतं.”

ते आले नव्हते तरी मला तेच वाटत होतं, आणि तेच मी गावभर सांगत होते.

एरवी रात्रीची जेवणं झाली की आम्ही हायत्सुंग कमी करायचो. नवरा आल्यावर ते रात्रीही एकाच तपमानावर ठेवलं. पाईप निवायचा नाही, म्हणून सकाळी पुन्हा तापायचाही नाही. टकटक पुष्कळ कमी झाली. गावातल्या हायत्सुंगवाल्यांना बोलावून भिंत उघडून घेतली. त्या दिवशी ड्रिलचा आवाज होणार होता, म्हणून आजोबा बायकोला चाकाच्या खुर्चीतून गावात फिरवायला घेऊन गेले.

आत काय होतं, ते आता मी झोपेतही सांगू शकेन. पाईपमधून गरम पाणी गेलं की तांबं लांब होतं, निवलं की आखडतं. फार नाही, पण त्याला सरकायला जागा लागते. भोक पाईपपेक्षा मोठं हवं, पाईपभोवती मऊ वेष्टण हवं, त्याला धरणाऱ्या पकडींना आतून रबर हवं, आणि वळणाजवळ थोडी मोकळीक हवी. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. उघडं तांबं सिमेंटमध्ये आवळलेलं. ताण साठला की ते एकदम झटक्यानं सरकायचं आणि टक व्हायचं, आणि सामाईक भिंत तो आवाज दोन्ही घरांना वाटून द्यायची. ज्याला मी सफाई समजले होते, तीच चूक होती. नवं काम दिसायला तितकं सुबक नाही, छताजवळ पाईपभोवती एक प्लास्टिकची चकती दिसते. सकाळी हायत्सुंग सुरू झालं आणि काही ऐकू आलं नाही, तेव्हा मी चहा हातात घेऊन कितीतरी वेळ भिंतीजवळ उभी राहिले.

त्यानंतर मी शेजारी गेले, आजींना भेटायला. त्या पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. पांढरे केस कुणीतरी, म्हणजे आजोबांनीच, व्यवस्थित विंचरलेले. मी कोण हे आजोबांनी त्यांच्या कानाशी सांगितलं. लाटण्याचं त्यांनी सांगितलं नव्हतं, हे आजींनी माझा हात ज्या तऱ्हेनं धरून ठेवला त्यावरून मला कळलं. मी माफी मागायची म्हणून गेले होते. कशाबद्दल मागायची, ते त्यांना समजावता आलं नसतं, आणि समजलं असतं तर त्यांनी हात सोडला असता, अशीही भीती वाटली. मी तशीच बसून राहिले. मग अधूनमधून जात राहिले. वर्षभरानं त्या गेल्या.

कँटीनमध्ये मी खरी गोष्ट सांगितली. ग्रुपवरही लिहिलं. लोकांनी अंगठे पाठवले, एकानं पाईपवाल्याचा नंबर मागितला. संपलं, असं मला वाटलं.

गेल्या दिवाळीत हायडेलबर्गला आपल्या मंडळींचा फराळाचा कार्यक्रम होता. तिथे एक नवी आलेली मुलगी माझ्या शेजारी बसली. मी कुठल्या गावात राहते ते ऐकल्यावर ती म्हणाली, आम्ही तिथे एक घर बघितलं होतं, खूप आवडलं होतं. पण कुणीतरी सांगितलं की त्या गल्लीत एक म्हातारा आहे, आपल्या लोकांना त्रास देतो, फोडणी टाकली की भिंत ठोकतो, कान लावून बसतो. म्हणून सोडून दिलं.

“तो पाईप होता,” मी म्हटलं. “आमच्याच घरातला. आणि ती गोष्ट मीच सांगितली होती.”

मी तिला सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं, पण तिच्या चेहऱ्यावर ते समजूतदार हसू होतं. मी शेजाऱ्याला सांभाळून घेतेय, असंच तिला वाटलं असावं. त्यांनी घर दुसऱ्याच गावात घेतलं होतं. तिनं मला चकली दिली आणि विषय बदलला.

तिनं सोडून दिलेलं आमच्या गल्लीतलं ते घर आजोबांच्या समोरच आहे. तिथे मुलं असलेलं कुणीतरी राहायला यावं, असं त्यांना वाटत होतं. घर रिकामं होतं तेव्हा तसं ते म्हणाले होते. ते इतके दिवस रिकामं का राहिलं, हे मला आता ठाऊक आहे. त्यांना मी ते सांगितलेलं नाही.