तांदळात लिहिलेली बायको

मला दुसरी बायको सरकारनं दिली. तीही मी न मागता, आणि पहिलीला न विचारता!

तेव्हा आम्ही आदिलाबादजवळच्या तामसीला होतो. मी शाळामास्तर, आणि बायको कमल आरोग्य खात्यात नर्स. (गावात मान तिला. मला मिळायचा तो नर्सबाईंचा नवरा म्हणून!) पोरगी वर्षाची. दिवसभर तिला शेजारची राजव्वा सांभाळायची. पण कापूस वेचणी सुरू झाली आणि राजव्वानं तिच्या तेलुगू वळणाच्या मराठीत सांगून टाकलं, "बाई, वावरात मजुरी मिळते. तेवढी तू दे, नाही त मी चालली."

कमलचा चेहरा उतरला. नोकरी तिनं घरच्यांशी भांडून मिळवली होती. "मी नोकरी सोडनार नाही, सांगून ठेवते!" ती म्हणाली. आवाज मोठा होता, पण डोळे भरलेले होते.

नेमका त्याच वेळी सरकारनं नोकरदार आयांसाठी लेकरं सांभाळायचा भत्ता काढला. कमलनं तिच्या कचेरीत अर्ज दिला. तिचे सगळे दाखले लग्नाआधीचे, म्हणून नाव कमल. आपणही हातभार लावावा म्हणून मी माझ्या कचेरीत दुसरा अर्ज दिला. रेशन कार्डात पाहून बायकोचं नाव लिहिलं, मंदाकिनी.

आता ही मंदाकिनी कोण? तर आमच्यात लग्नाच्या दिवशी नवरदेव ताटातल्या तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. मला कॉलेजपासून एक स्वप्न पडायचं. बासरचा घाट, गोदावरीवर चांदणं, आणि नावेत माझ्यासमोर बसलेली कुणी मंदाकिनी. बोलायची काही नाही, नुसती हसायची. त्या तंद्रीत मी तिचंच नाव तांदळात लिहून मोकळा झालो! नवी नवरी ताटाकडे बघून हळूच म्हणाली, "ही कोन?" पुढं त्या नावाला तिनं एकदाही ओ दिली नाही.

भत्ता आला. राजव्वा खूष, कमल खूष. मग काही दिवसांनी आणखी एक आला!

"अवो, दोनदा काऊन आला?"

"सरकारचं मन मोठं असते, कमल," मी म्हणालो आणि दुसऱ्या भत्त्याचा टेबलफॅन घेऊन आलो. ऐन थंडीत! दुपारी ओसरीत तो लावून पडायचो. समोर कापसानं पांढरी झालेली रानं, अंगावर कोवळं ऊन, कानाशी पंख्याची गुणगुण. डोळे मिटले की मी नावेत, आणि पाणी संथ चाललेलं. असं सुख मी आयुष्यात दुसरं पाहिलं नाही.

पुढच्या महिन्यात दोन्ही भत्ते बंद! चौकशीला गेलो तर कचेरीतल्या बाबूनं मला खालून वर न्याहाळलं. "मास्तर, साहेबानं आदिलाबादला बोलावलं. दोन्ही बायका घेऊन जा."

"दोन्ही?"

"न् दोन्ही पोरी!"

सरकारी नोकराला दोन बायका म्हणजे नोकरीवर गदाच. मला घाम फुटला. (पंखा होता, पण उपयोग नव्हता.) घरी सांगितलं तर कमल पेटलीच. "माझी नोकरी वाचवाले गेले न् सोताची घालवून बसले! उद्या राजव्वा गेली त पोरीले तुमची मंदाकिनी सांभाळते काय?"

दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन बसनं निघालो. साहेब आंध्राकडचे. त्यांनी आमच्या मागं दाराकडे वाकून पाहिलं. "रेंडो भार्या एक्कड?" म्हणजे, दुसरी बायको कुठं?

"यहीच है, साहेब," मी कमलकडे बोट दाखवलं.

"ये तो पहली है!"

"दुसरी भी यहीच है."

साहेबांनी कपाळाला हात लावला. त्यांच्याकडे बाईचं नाव लग्नानंतरही तेच राहतं. नवरा बायकोचं नावच बदलून टाकतो, हे काही त्यांच्या गळी उतरेना. "नाम क्यूँ बदला? कमल अच्छा तो है!"

"हेच मी लग्नापासून इचारून राह्यली!" कमल उसळली आणि तांदळाची हकीकत सांगू लागली.

खिडकीबाहेर कडुनिंब झुलत होता. चहाचा मंद वास येत होता. कमलच्या तोंडून 'मंदाकिनी' ऐकलं आणि माझी नाव घाटावरून सुटली... समोर कप दिसला, मी सावकाश उचलला, तोंडाला लावला.

"अवो! तो साहेबाचा चहा हाये!"

मी दचकलो, चहा सदऱ्यावर. कमलनं पदरानं आधी पोरीचं नाक पुसलं, मग माझी हनुवटी. "चष्मा कुटं गेला? बसमधीच ठेवला नं? न् ह्या चपला कोनाच्या?"

मी खाली पाहिलं. चपला माझ्या नव्हत्या.

साहेब पोट धरून हसले. "ये आदमी, और दो बीवी? नामुमकिन!" त्यांनी मंदाकिनीवर काट मारली आणि कमलचा भत्ता चालू ठेवला. जास्तीचा तेवढा परत करायला सांगितला. (पंखा गेला!) कमलनं सुटकेचा निःश्वास टाकला. राजव्वा राहणार होती, नोकरी राहणार होती.

सही करता करता साहेबांनी पोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अदबीनं विचारलं, "मॅडम, संभालने के बच्चे कितने लिखूँ? एक या दो?"

कमलनं मला नीट न्याहाळलं, आणि चक्क विचारात पडली!