सात मासे, एक तांब्या

मंडळी, आज आमच्या शहाद्यात दुरुस्तीसाठी सकाळपासून वीज बंद होती. पंखा थांबला की माणूस नुसता कुरकुरतो. टाकीतला हवेचा पंप थांबला की मासे मरतात. अकरा वाजता पाहिलं, तर माझे सातही गोल्डफिश वर येऊन तोंडं उघडून श्वासासाठी धडपडत होते.

तेवढ्यात शेजारचे डगा आप्पा आले. कापसाचे शेतकरी. दोन वर्षं माझ्या माशांबद्दल त्यांचा एकच प्रश्न, "भाऊ, या कधी तळशात?" आज मात्र माशांकडे बघून म्हणाले, "थांब, मन्हा फवाराना पंप लई येस. हवा मारी देऊ."

फवारणीचा पंप आणणार! कालच ज्यातून बोंडअळीचं औषध मारलं, तोच! मी दारात आडवा झालो.

"मंग काय कराना?"

मी तांब्या घेतला. टाकीतलंच पाणी हातभर उंचावरून टाकीत सोडायचं, पडताना ते हवा घेऊन जातं. मी दमलो की आप्पा, आप्पा दमले की मी. तब्बल तीन तास!

दोनला वीज आली, तेव्हा सातही जण खाली उतरून ऐटीत फिरत होते. एवढा अभिमान मला माझ्या एकाही लेखाचा वाटलेला नाही. लेखांनी आजवर कुणाचा जीव वाचवलेला नाही, घेतला असेल.

संध्याकाळी एका पाहुण्याने काचेवर टकटक केली, तर माझ्याआधी आप्पाच खेकसले, "हात नको लावू! दमी गयात त्या."

आता तुम्हीच सांगा मंडळी, हे मासे नक्की कुणाचे?