चौथ्या रकान्यातलं ‘नाही’

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही. लपवायचाही आता कंटाळा आलाय, एवढंच.

पौडच्या एका दवाखान्यात मी बरीच वर्षं लॅब टेक्निशियन आहे. रक्त, लघवी, थुंकी — रोजचंच. मध्यंतरी पुण्याहून एक पाहणी आली. काही जंतू हवा लागली की मरतात, हवा नसेल तिथेच वाढतात. आपल्या मुळशी तालुक्यात खोल जखमा झालेल्या किती पेशंटांत ते सापडतात, हे बघायचं होतं. काम किचकट. पू सुईने ओढायचा, सिरिंजमधली हवा काढून टाकायची, सीलबंद बाटलीत भरायचा, त्याच दिवशी पुण्याला धाडायचा. सोबत एक फॉर्म. त्यात चौथा रकाना — नमुन्याला हवा लागली का?

सुरुवातीला सगळं नीट केलं. मग — मग काय? बाहेर रांग, आत मी एकटी. कापसाची काडी जखमेवर फिरवली की दोन मिनिटांत काम उरकायचं. काडीला हवा लागतेच; चौथ्या रकान्यात मात्र मी ‘नाही’च लिहायचे. कितीदा? आठवत नाही. पुढे पुढे तर पेशंट यायच्या आधी, सकाळीच सगळ्या फॉर्मांवर ‘नाही’ लिहून ठेवायचे.

त्यातच हिराबाई आल्या. ताम्हिणीकडच्या, शेळ्या राखणाऱ्या. पायात कुदळ घुसलेली. पट्टी सोडली तसा घाण वास खोलीभर पसरला. त्या बिचाऱ्या स्वतःच ओशाळल्या. “लई वास मारतोय वो बाई. तुमी लांबच ऱ्हावा.”

तो वास कशाचा असतो, मला ठाऊक होतं. सिरिंज टेबलावरच होती — तरी मी काडी उचलली.

पुण्याहून रिपोर्ट आला: वाढ नाही. डॉक्टरांना शंका होती, पण कागदावर भरवसा ठेवून त्यांनी त्या जंतूंवरचं औषध थांबवलं. मी शेजारीच उभी होते. एक वाक्य पुरलं असतं — का नाही बोलले? नोकरीला भ्यायले. तीन आठवड्यांनी हिराबाईंचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

पाहणीचा अहवालही निघाला. मुळशीत असे जंतू फारसे आढळत नाहीत, म्हणे. त्यातलं एक पान आमच्याकडे भिंतीवर लावलंय. नवीन डॉक्टर आले की ते वाचतात, आणि तेच खरं धरून जखमा तपासायला बसतात. मी खालमानेने रक्त काढत राहते.

हिराबाई अजून येतात, कुबडीवर, शुगर तपासायला. मागच्या खेपेला पदरात बांधून करवंदं आणली होती. “तुमी लई केलं माझं, बाई.” मला लाज वाटली. लाज वाटून पाय परत येतो का? करवंदं मी घेतली. घरी नेली. खाल्लीसुद्धा.

रिपोर्टसोबत परत आलेला त्यांचा फॉर्म अजून कपाटात आहे. चौथा रकाना, निळी शाई, माझं अक्षर — नाही.

हवा लागली होती. मला ते तेव्हाच माहीत होतं.