दगडूचं ताट

कल्ला उघडून बघितल्याशिवाय ती कशावरच विश्वास ठेवायची नाही. पापलेट हातात घेऊन अंगठ्यानं त्याचा कल्ला उचलायची आणि म्हणायची, "बघ, लाल आहे की नाही? नुसतं तोंड बघून काय कळतं?" कफ परेडच्या मच्छीमार नगरातून आमच्या गिरगावच्या गल्लीत पाटी घेऊन येणारी ही कोळीण. तुमच्याही दारात अशी एखादी मावशी येऊन गेली असेल. घासाघीस करायला गेलात की दुप्पट मासळी आणि वर चार शिव्या घेऊन घरात येता.

एका सकाळी बांगडे साफ करताना ती म्हणाली, "भाऊ, तू जुन्या कागदांच्या हापिसात आहेस ना? माझा एक माणूस शोधून दे."

"हरवला?"

"सिंगापूरला नेला. बेड्या घालून, इंग्रजांनी."

"मावशी, कोण हा?"

"दगडू. नवऱ्याचा खापरपणजा."

मी हसलो. ती हसली नाही. दगडूला नेलं, पण त्याच्या मरणाची खबर कधी घरी आलीच नाही. बायको जन्मभर कुंकू लावून राहिली आणि दर नारळी पौर्णिमेला त्याचं ताट वाढत राहिली. ते ताट सुनेकडून सुनेकडे येत मावशीपर्यंत पोचलं होतं. "सासू जाताना म्हणाली, त्याची खबर आण. मेला असेल तर पितरांत घेऊ. जित्या माणसाचा घास कावळ्याला कसा घालायचा?"

"अहो, पण आज तो दीडशे वर्षांच्या वरचा..."

"कागद दाखव. कल्ला उघडल्याशिवाय मी मानणार नाही."

सोमवारी गिऱ्हाईक कमी. दर सोमवारी दुपारी ती अबोलीचा गजरा माळून आमच्या वाचनकक्षात हजर. मी इंग्रजी वाचून मराठीत सांगायचो. पहिल्याच दिवशी गाडी अडली. पोरं जगत नसली की नजर लागू नये म्हणून पुढच्याचं नाव दगडू ठेवायचं, आणि ही युक्ती सगळ्या मुंबईनं केलेली! अंदमानच्या आधी इंग्रज कैदी सिंगापूरला पाठवायचे, त्या कैद्यांच्या यादीत सात दगडू निघाले.

"पहिला दरोडेखोर," मी वाचलं.

"दुष्ट मेला. पुढं."

"दुसरा, बायकोच्या भावाला मारलं."

"त्याला कारण असेल. पुढं."

नावापुढे अंगावरच्या खुणांचा रकाना होता. पाचव्या दगडूपुढे मी वाचलं, "डाव्या हातावर पापलेट गोंदलेला." मावशीनं हिरव्या बांगड्या कोपराकडे सरकवल्या. तिच्या डाव्या हातावर पापलेट! दगडूला नेल्यावर त्याच्या बायकोनं तसाच गोंदवून घेतला होता, परतला तर ओळख पटावी म्हणून. पुढं घरात आलेल्या प्रत्येक सुनेनं तो गोंदवला.

"तोच तो!" 'शांतता राखा' या पाटीखाली उभी राहून ती ओरडली. शेजारी बसलेल्या प्राध्यापकांचा चष्मा पडला.

आता गुन्हा. घरात आख्यायिका होती की दगडूनं साहेबाला समुद्रात ढकललं. कागदावर होतं, एका गोऱ्या कप्तानाच्या बोटीचा नांगर चोरला. मी चाचरतच सांगितलं.

"केवढा नांगर?"

"लिहिलेलं नाही."

"चांगलाच असणार. आमचा माणूस गंजका उचलायचा नाही."

महिनाभरानं सिंगापूरहून आलेलं एक जुनं पत्र सापडलं. मी वाचलं, वागणूक चांगली, म्हणून बाहेर राहायची मुभा मिळाली, मासेमारी करायचा, म्हातारा होऊन तापानं गेला. तिनं हात जोडले. मी घाईघाईनं फाईल मिटायला लागलो.

"भाऊ, मधलं काय गिळलंस? उघड कल्ला."

उघडला. तिथं त्यानं दुसरी बायको केली होती. दोन मुलं होती.

"मुडद्या!" अख्खा वाचनकक्ष उभा राहिला. "इथं ती कुंकू लावून बसली आणि तू तिकडं संसार थाटलास?" मग ती पदर तोंडाला लावून इतकी हसली, की प्राध्यापकही हसायला लागले. डोळे पुसत तिनं विचारलं, "त्या बाईचं नाव काय रे?"

"नुसतं 'बायको' लिहिलंय."

"बघ. तिलाही कुणी विचारलं नाही."

त्या सर्वपित्रीला मला आमंत्रण होतं. केळीची तीन पानं मांडली होती. दगडूचं, त्या बिननावाच्या बाईचं आणि थोरलीचं. थोरलीचं पान दगडूच्या अगदी समोर. "राहू दे समोर," मावशी म्हणाली, "तिला पुष्कळ बोलायचंय."

मागच्या वर्षी मावशी गेली. आता पाटी घेऊन तिची सून येते. तिच्याही हातावर पापलेट आहे. यंदाच्या सर्वपित्रीला चार पानं होती. मावशीचं पान सुनेनं थोरलीच्या शेजारी मांडलं, दगडूच्या समोर. "सासूबाई बोलल्या होत्या," ती म्हणाली, "थोरली गरीब होती, भांडायला मी लागेन."

मावशीच्या पानावर तळलेला अख्खा बांगडा होता. कावळा आला, पण त्यानं लगेच चोच मारली नाही. शपथेवर सांगतो, आधी त्यानं बांगडा उलटा केला, कल्ल्यापाशी चोच घालून नीट बघितलं आणि मगच उचलला.