रिपोर्ट आल्याशिवाय टाके नाहीत

डॉ. सुमनताईंची व माझी पहिली ओळख ऑपरेशन थिएटरमध्ये, आणि तीही भर भांडणात झाली. भूलतज्ज्ञ म्हणून त्या रुग्णालयातला माझा तो पहिलाच आठवडा. टेबलावर बिडकीनच्या शकुंतलाबाई होत्या. मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी बिघडल्या की त्यांचा हार्मोन वाढतो आणि हाडांतलं कॅल्शियम ओढून काढतो. बाईंची हाडं ठिसूळ झाली होती, मुतखडे पाठ सोडत नव्हते. दुसऱ्या रुग्णालयात एकदा ऑपरेशन होऊनही दुखणं तसंच. "दुसऱ्यांदा गळा कापायलेत, मॅडम. तिसऱ्यांदा नाय सोसायचं तिला," असं त्यांच्या सासूबाईंनी ताईंना आत जाताना बजावलं होतं.

ताईंनी सुजलेली ग्रंथी काढली. आम्हा सगळ्यांना हायसं वाटलं. ताईंनी मात्र शेजारच्या खोलीतल्या हार्मोन मोजणाऱ्या यंत्राकडे रक्त पाठवलं आणि थांबल्या. बिघडलेली ग्रंथी निघाली की हार्मोन काही मिनिटांतच निम्म्याखाली उतरायला हवा. तेवढ्यात व्यवस्थापक दारातून ओरडले, "मॅडम, गाठ निघाली ना? मग टेबल कशाला अडवलंय? पुढचा पेशंट ताटकळलाय बाहेर!"

"रिपोर्ट आल्याशिवाय टाके नाहीत," ताई म्हणाल्या. आवाज जरासुद्धा चढला नाही.

हार्मोन उतरलाच नव्हता! ताईंनी पुन्हा शोध घेतला, तर अन्ननलिकेमागे आणखी एक ग्रंथी दडून बसलेली. ती काढली, पुन्हा रक्त गेलं, आकडा धाडकन खाली आला, तेव्हा कुठं टाके पडले. सासूबाईंना सांगायला ताई स्वतः बाहेर गेल्या. शकुंतलाबाई घरी गेल्यावरही, कॅल्शियम फार उतरलं तर नाही ना म्हणून, "हाताला मुंग्या येतात का?" हे विचारायला ताईंचा रोज फोन जाई.

अशा ताईंना 'टेबल अडवणाऱ्या बाई' म्हणून हिणवणारे आज त्यांच्याच साठीच्या गौरव समितीत मिरवताहेत! मिरवू द्या बापडे. पण याच मंडळींनी गेल्याच महिन्यात ते यंत्र थिएटरशेजारून उचलून क्रांती चौकाजवळच्या प्रयोगशाळेत नेलं. का, तर टेबल लवकर रिकामं व्हावं! रिपोर्ट म्हणे आता संध्याकाळी मिळेल. अहो, काही लाज? हार्मोन उतरलाच नाही असं संध्याकाळी कळलं, तर शिवलेला गळा पुन्हा उघडायचा कुणी? व्यासपीठावरच्या पाहुण्यांनी?

ताई, आपण साठ वर्षं पूर्ण करत आहात. आपल्याला निरोगी, उदंड आयुष्य लाभो, हे मनापासून मागतो. पण ते यंत्र जागेवर परत येत नाही, तोवर यांची शाल खांद्यावर घेऊ नका.